पेजेतलं मीठ

एकोणीसशे अठ्ठावीस साली दाभोळात पटकी आली आणि यमुनाबाईचा नवरा गंगाराम दोन दिवसांत गेला. वीस वर्षं गलबतावर काढलेला खलाशी. समुद्राने सोडला तो विहिरीच्या पाण्याने नेला. शाळा बंद झाली. मुलगी मालन सातवीत, फायनलची परीक्षा चार महिन्यांवर. पास झाली तर मास्तरीण होणार, नाहीतर मायलेकी कायमच्या दिराच्या पडवीत. म्हणून मालन घरीच पुस्तकं घेऊन बसली.

यमुनाबाई रडली नाही. लोक म्हणाले, बाई धीराची. धीर कसला डोंबलाचा! तिला काही जाणवतच नव्हतं. चटका बसला तरी हात मागे घ्यायला उशीर व्हायचा. पण अभ्यास करणाऱ्या पोरीला वेळेवर खायला लागतं, एवढं तिला कळत होतं. सकाळी पेज, दुपारी भात नि कुळथाची पिठी, रात्री पुन्हा पेज.

त्यांच्यात सुतकाचे दहा दिवस अळणी खातात. अकराव्या दिवशी मिठाचं मडकं चुलीशी यायला हवं होतं, ते फडताळातच राहिलं. यमुनाबाईच्या तोंडाला चव नव्हती, तिला पत्ताच नाही. मालनला वाटलं, आई मुद्दाम अळणं पाळतेय. विचारायचं कसं? ती अर्धी पेज पिई, अर्धी गुपचूप केळीच्या मुळाशी ओती. दोन महिने हे चाललं. पोरगी वाळली, वाचलेलं डोक्यात राहीना आणि एक दिवस गणित करता करता पाटीवरच कलंडली.

शेजारची मथुरा धावत आली. पेज पाजण्याआधी तिने ती चाखली आणि थुंकलीच.

“मीठ नाय गो ह्यात!”

“घातलाय की,” यमुनाबाई म्हणाली.

“कपाळ घातलंस! सुतक कवाच फिटला. पोरीचा जीव घेतंस काय?”

मालन पडल्यापडल्या म्हणाली, “आये, मला वाटला तू पाळतंस.”

यमुनाबाईने मिठाचा खडा जिभेवर ठेवला. काहीच लागलं नाही. तिला स्वतःचीच भीती वाटली.

त्या दिवसापासून मालन चुलीपाशी येऊन आईचा हात धरायची. “तीन बोटांची चिमटी, आये. दोघींना एवढाच.” मथुरा सुका जवळा, नारळाची कवड, नाचणीची भाकरी आणायची आणि समोर बसून खायला लावायची. महिन्याभरात पोरगी पुन्हा मोठ्याने वाचू लागली. परीक्षेला ती मास्तरांच्या बायकोबरोबर आगबोटीने रत्नागिरीला निघाली.

धक्क्यावर तिने विचारलं, “मी नाय तवा मीठ कोण बघील?”

“बोटा हायत ना माझी,” यमुनाबाई म्हणाली.

घरी येऊन तिने एकटीपुरती पेज शिजवली आणि शिकवल्याप्रमाणे तीन बोटांची चिमटी टाकली. पहिल्याच घोटाला तिचं तोंड वाकडं झालं. पेज खारट झाली होती. मीठ दोघींचं पडलं होतं. वाडगा हातात धरून ती चुलीपुढे बसली आणि गंगाराम गेल्यापासून पहिल्यांदा रडली.