न विचारता लिहिलेला नकार

मी तापट आहे. त्याहून वाईट म्हणजे, मला माणसं बघताक्षणी कळतात असा माझा समज होता. मोखाड्यातल्या उपकेंद्रावर नर्स म्हणून काही वर्षं काढल्यावर तो आणखीच पक्का झाला.

दिवाळी झाली की इथले पाडे रिकामे होतात. माणसं वीटभट्ट्यांवर निघतात, डोक्यावर बोचकं आणि कडेवर पोर. त्या दिवशी एक कातकरी बाई तशीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पोरगी दीड वर्षाची, कुपोषणाने रडायचंही त्राण नसलेली. तिला जव्हारच्या दवाखान्यात चौदा दिवस ठेवायलाच हवं होतं, नाहीतर ती वाचली नसती. मी बोचक्याकडे पाहिलं. पातेलं, गोधडी, सगळा संसार बांधलेला. माझं डोकंच फिरलं. रजिस्टर ओढलं आणि लिहून मोकळी झाले: ‘आईचा नकार’. वर दोन शब्द सुनावलेही. बाई मान खाली घालून ऐकत राहिली.

तिच्यासोबत अंगणवाडीची सेविका आली होती, त्याच पाड्यावरची. तिने रजिस्टरात डोकावून पाहिलं. हळूच म्हणाली, “सिस्टर, ती नाय कधी म्हनली? तुम्ही तिला इचारलाच नाय.”

मी तणतणतच बाईला विचारलं, “भट्टीवर जायचंय ना तुला?”

“नाय. दवाखान्यात,” बाई म्हणाली. “ताईनी सांगला, चौदा दीस ऱ्हावा लागंल. म्हनून सामान आनला.”

नवरा आदल्याच दिवशी भट्टीवर गेला होता. पोरीसाठी ही एकटी मागे राहिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळ खोडली, गाडी बोलावली. गाडी गेल्यावर रजिस्टरची मागची पानं चाळली. तोच शेरा, माझ्याच अक्षरात, कितीतरी ठिकाणी. त्यातल्या कितीजणींना मी खरंच विचारलं होतं, ते आठवेना.

त्या सेविकेचे उपकार मी विसरणार नाही. मला फैलावर घ्यायचा तिला हक्क होता, पण तिने फक्त एक प्रश्न विचारला. आता मी आधी विचारते, उत्तर येईपर्यंत थांबते, आणि मगच पेन उचलते. अजूनही कधीकधी जिभेवर निकाल तयार असतो, तो गिळावा लागतो.

पोरगी वाचली. आई तिला दाखवायला आली तेव्हा मी सगळं कबूल केलं. म्हटलं, “तू काही बोलायच्या आधीच मी तुझा नकार लिहिला होता गं.”

तिला त्याचं काहीच नवल वाटलं नाही.

“असा सगलेच लिवतात, सिस्टर,” ती म्हणाली. “तुम्ही खोडलात.”