अर्ध्या कपाळाची ट्रायल

२०२३ साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो आणि माझी मुलगी एक्कावन्न. तिचं वय आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही काल-परवाची पोर आहे. तसं वाटून घ्यायची चूक मी पंचवीस वर्षं केली.

मी शिंपी. चिकपेटच्या गल्लीत खाली दुकान, वर दोन खोल्या. आमचे लोक इथे कधी आले ते माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. शाळा तिसरीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं आईनं चुलीपुढे बसवून शिकवली. तेव्हा लिहिण्यात चुका सापडतील. कापण्यात माझी चूक काढणारा अजून मला भेटलेला नाही.

बायको गेली तेव्हा मुलगी सव्वीसची होती. सुतक फिटलं त्या दिवसापासून ती काज-बटणाला बसली आणि स्वयंपाकही तिच्याकडे आला. तीन स्थळं आली होती. तिन्ही मी परत लावली. एकाचे दात पुढे, एकाची नोकरी मंगळूरला. तिसऱ्यात खोट सापडेना, तेव्हा त्याच्या आईच्या बोलण्यात काढली. मुलीनं एकदाही विचारलं नाही की अण्णा, असं का. तिला पसंत असेल, असं मी धरून चाललो. तसं धरलं की वेळेवर गरम भाकरी मिळत होती.

मग तो माणूस दुकानात यायला लागला. आमच्यातलाच, विधुर, बँकेतून निवृत्त झालेला, इथल्याच शिवाजीनगरला थोरल्या बहिणीबरोबर राहणारा. पँटची कंबर कधी सैल करून हवी, कधी घट्ट. वर्षभरात माणसाची कंबर इतक्या वेळा बदलत नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. एक दिवस त्यानं सरळ विचारलं. मुलगी काजाला बसली होती, तिनं मान वर केली नाही, पण सुई थांबली.

मी म्हणालो, "रीतीनं होऊ दे. बहिणीला घेऊन या, मुलगी बघा."

"अण्णा, मी तिला रोज बघतोच की."

"तुम्ही बघता. तुमची बहीण कुठे बघते?"

बहीण कडक आहे हे मी ऐकून होतो. नकार देण्याचं माझं काम ती परस्पर करून टाकेल असा माझा हिशेब होता. महिन्याभरानंतरचा रविवार ठरला.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी ट्रायलच्या आरशापुढे दिसायला लागली. दोन बोटांनी कपाळ वर ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची.

"ओढून सुरकुती जाते का?" मी मशीनवरून म्हणालो. "इतकी वर्षं कापडात बसून हेसुद्धा शिकली नाहीस. चुरगळलेलं अस्तर आहे ते. आत असतं म्हणून चालतं, वर आणायचं नसतं."

ती म्हणाली, "अण्णा, त्याला इंजेक्शनं असतात. मी जे. पी. नगरच्या दवाखान्यात जाऊन यायचं ठरवलंय."

"मीही येणार. कापड माझ्या घरचं आहे, कात्री कोण चालवतो ते बघायला नको?"

शनिवारी मेट्रोत ती माझ्यासाठी जागा धरून स्वतः उभी राहिली. दवाखाना पांढराशुभ्र, थंडगार. डॉक्टरीण पुण्याची, तिशीतली, बोलणं अर्धं इंग्रजी. मुलीचं कपाळ तिनं दिव्याखाली बघितलं, भुवया उचलायला लावल्या, हसायला लावलं.

"ताई, तुम्ही डोळे बारीक करून काही काम करता का? रोज?"

"काजं करते."

"किती वर्षं?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या चित्राकडे बघत होतो.

मग डॉक्टरीण मला समजावायला लागली, काका काका करत. दोन प्रकार. एक ते बोटॉक्स, ते कपाळाला. आतला स्नायू सारखा आखडतो म्हणून वर आठी पडते, औषधानं तो ढिला होतो. लगेच काही दिसत नाही, तीन-चार दिवसांनी दिसायला लागतं, पुरतं दिसायला दोन आठवडे. आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. दुसरं फिलर, ते नाकापासून तोंडाकडे जाणाऱ्या घळीला. तिथे स्नायूचा प्रश्न नाही, आतला भराव कमी झालाय. जेल भरायचं. ते त्याच दिवशी दिसतं, सूज स्वल्प येते, आणि बरेच महिने टिकतं.

मला कळलं. तिला वाटलं नव्हतं इतकं कळलं.

"म्हणजे पहिल्यात ओढलेला दोरा ढिला करायचा," मी म्हणालो, "आणि दुसरं म्हणजे खांद्यात पॅड घालतो तसं."

"एक्झॅक्टली! काका, किती छान सांगितलंत. हे मी पेशंटना सांगणार."

असं कुणी म्हटलं की मी फुगतो. फुगून मी म्हणालो, "मग आधी ट्रायल करा. डावी बाजू तेवढी करा. उजवी राहू द्या."

ती हसली. मी हसत नाही हे बघून थांबली. "काका, असं नाही करत. दोन्ही बाजू एकदम करतात. चेहरा आहे हा."

"मी साठ वर्षं कोट शिवतोय. ट्रायलला एकच बाही लावतो, तीही कच्च्या टाक्यांनी. गिऱ्हाईक आरशात दोन्ही खांदे ताडून बघतं, मगच दुसरी. ट्रायलवाचून पुरा कोट शिवतो तो शिंपीच नव्हे. तुम्हाला तुमच्या हाताचा भरवसा नाही का?"

डॉक्टरीण चिडली. तिनं मुलीलाच विचारलं, "ताई, तुम्ही सांगा. माझा सल्ला दोन्ही बाजूंचा आहे."

आणि माझी मुलगी म्हणाली, "अण्णा म्हणतात तसं करा." पंचवीस वर्षं मी तिला हेच एक वाक्य शिकवलं होतं. शिवाय शिंप्याच्याच घरची. अर्ध्या कोटाची तिलाही सवय होती.

डॉक्टरिणीनं कागदावर सही घेतली आणि डावी बाजू केली. पुढच्या शनिवारी उजवी बाजू, नक्की या, असं तिनं तीनदा बजावलं. त्यानंतरच्या सोमवारी ती पुण्याला भावाच्या लग्नाला जाणार होती, पंधरा दिवसांसाठी. हे तिनं मुलीला सांगितलं. ऐकून ठेवलं मी.

त्या दिवशी घरी आल्यावर डावा गाल सुजल्यासारखा, पण घळ भरलेली. कपाळ होतं तसंच. रविवारीही तसंच. मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो, "पॅडचं काम खरं आहे. दोरा ढिला करण्याचं सगळं सोंग." मुलगी मान खाली घालून काजं करायची. माणसं तिच्या तोंडाकडे वाकून बघायची आणि मी त्यांना बघू द्यायचो.

बुधवारी सकाळी तिनं कॉफी आणून ठेवली आणि मी वर बघितलं. डावं कपाळ इस्त्री फिरवल्यासारखं झालं होतं. त्या बाजूनं ती तिच्या आईसारखी दिसत होती, तिशीतल्या. मी "स्वल्प साखर दे" म्हणालो. तिनं भुवया उचलल्या, तर उजवीच वर गेली. डावी जागची हलली नाही.

औषधानं काम केलं होतं. ट्रायल पास झाली होती. उजवी बाजूही अशी झाली तर ती बहीणसुद्धा बघत राहील, हे मला कॉफीच्या पहिल्या घोटालाच कळलं. दुसऱ्या घोटाला कळलं की मग वरच्या दोन खोल्यांत मी एकटा.

शनिवारी ती पर्स घेऊन जिन्यात उतरत होती. मी मशीनवर बसलो होतो. छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "अगं, कळ येतेय."

छातीत काही नव्हतं. तीन तास सरकारी इस्पितळाच्या बाकावर ती माझा हात धरून बसली. हृदयाची पट्टी काढली, रक्त घेतलं. तिथला डॉक्टर म्हणाला, हार्ट तुमच्या वयाला अगदी सरी आहे, काही बिघाड नाही. ती रडली आणि तिनं देवाला नारळ बोलला. रडतानाही कपाळ अर्धंच आखडत होतं. मी ते बघत होतो.

सोमवारी डॉक्टरीण गेली. मुलीनं दुसरीकडे चौकशी करते म्हटल्यावर मी म्हणालो, "दुसऱ्यानं अर्धवट टाकलेला कोट आपण हातात घेतो का?"

तिनं काजाचा दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "नाही घेत."

हा आमच्या धंद्याचा नियम आहे. दुसऱ्याचा हात लागलेलं काम घ्यायचं नाही, खोट कुणाची ते पुढे ठरत नाही. तो नियम मी तिच्या तोंडावर वापरला आणि तिनं मानला.

रविवारी ते दोघं आले. मुलीनं हिरवं इरकल नेसलं होतं आणि केस उजवीकडून कपाळावर ओढून घेतले होते. बहीण सत्तरीची, ताठ. मुलगी नमस्कार करून समोर बसली. बहिणीनं नाव-गाव विचारलं नाही, नुसती बघत राहिली. तो माणूसही बघत होता. महिनाभर तो दुकानात फिरकला नव्हता, कारण आमच्यात ठरल्यावर बघण्याच्या आधी येत नाहीत. त्याच्या तोंडावर काळजी दिसत होती. मुलगी हसली. तोंडाची एक घळ पडली, दुसरी पडली नाही. एक भुवई चढली, दुसरी राहिली. मग ती कॉफी आणायला आत गेली.

बहीण माझ्याकडे वाकली. "अण्णा, राग मानू नका. लकवा मारलाय का हो तिला?"

"अक्का, असं काय विचारतेस?" भाऊ म्हणाला.

"विचारायला नको? उद्या अंथरुणाला खिळली तर करायचं कोणी, मी?" आणि मला, "सांगा ना. कधी झालं हे?"

एका वाक्याचं काम होतं. औषध आहे, अर्धंच झालंय, हट्ट माझा होता, तीन महिन्यांत उतरेल. डॉक्टरिणीनं सांगितलेलं सगळं मला पाठ होतं.

मी छताकडे बघितलं आणि म्हणालो, "वय झालं की काय काय होतं माणसाला."

आतल्या दारात भांडं वाजलं. मुलगी ट्रे घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. बैठकीत वडिलांच्या वर मुलीनं बोलायचं नाही, ही आमची रीत. एक्कावन्नाव्या वर्षीही तिनं ती मोडली नाही. तिनं तीन पेले खाली ठेवले. थेंब सांडला नाही.

"कळवतो," बहीण म्हणाली. भाऊ उठताना मुलीला काही सांगायला गेला, पण बहिणीनं त्याचा दंड धरला होता.

संध्याकाळी मुलगी इरकल घडी करत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णा, त्या शनिवारी छातीत कळ होती?"

मी कात्री पुसायला घेतली.

"बोलला नाहीत तरी कळतं मला. सकाळी त्यांच्यापुढे खरं कुठे बोललात? तसंच." तिनं घडीवर हात फिरवला. "मी त्यांना फोन करणार नाही. मी सांगितलं तर त्यांची बहीण म्हणेल, लपवते आहे. तुमचं तुम्ही बघा. आणि उद्यापासून सुई तुमची तुम्ही ओवा."

गेली दहा-बारा वर्षं माझ्या सगळ्या सुया तीच ओवत होती. सकाळी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायची, त्या मला संध्याकाळपर्यंत पुरायच्या.

सोमवारी सकाळी मी खाली आलो. उशी रिकामी होती. दिव्याखाली सुई धरून दोरा सात-आठ वेळा मारला, नेढ्यात गेला नाही. त्या माणसाची एक पँट हँगरला महिनाभर लटकत होती, कंबर घट्ट करायला टाकलेली. ती तशीच कागदात गुंडाळली आणि बसनं शिवाजीनगरला गेलो. तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट बंद. दार बहिणीनं उघडलं.

"आम्ही कळवतो म्हटलं होतं ना?"

"लकवा नाही," मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो. "सुरकुतीचं इंजेक्शन आहे. अर्ध्या तोंडाला मी द्यायला लावलं, ट्रायल म्हणून. दुसऱ्या अर्ध्याला ती निघाली तेव्हा आजारी असल्याचं सोंग केलं."

आतून तो माणूस दाराशी आला. बहीण मला वरपासून खालपर्यंत बघत होती, गिऱ्हाइकानं उसवलेला शर्ट बघावा तशी.

"मग काल विचारलं तेव्हा तोंड शिवलं होतं का? पोटच्या मुलीबद्दल असं कोण करतं? का केलंत?"

हात जोडायची मला सवय नाही. पँटचं पुडकं मी छातीशी धरलं होतं. जिन्यात खालच्या मजल्यावरची दोन माणसं थांबून वर बघत होती, त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणालो, "मला भाकरी कोण करून घालणार, म्हणून."