मावशीचा डावा डोळा

माझी मावशी वजनकाट्यांच्या कारखान्यात सोल्डरिंग करायची. उजव्या डोळ्याला भिंगाची वाटी लावून केसाएवढी तार अशी जोडायची की जोड शोधून सापडू नये. बावीस वर्षं सुरळीत गेली. मग एका मंगळवारी सकाळी तिचा डावा डोळा उघडेचना. पापणी लालभडक, टम्म फुगलेली.

चार दिवसांत सूज उतरली. तीन आठवड्यांनी पुन्हा आली.

"काय बाई, नवरोबांचा हात सुटला वाटतं?" सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला. सगळे हसले.

पण डोळा सुजतच राहिला आणि चेष्टेची बातमी झाली. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, शाळेत ग्रंथपाल. पुस्तकाचं पान कुणी दुमडलं तरी कळवळणारा माणूस. शेजारीण मावशीला दारात गाठून हळूच विचारू लागली, "सगळं ठीक आहे ना गं?" काका रोज संध्याकाळी तिला घ्यायला कारखान्याच्या फाटकापाशी जायचे, ते जायचे थांबले. "मी दिसलो की बायका बोलायच्या थांबतात," एवढंच म्हणाले.

सुपरवायझरला सोडायचं नाही, हे मावशीनं त्याच दिवशी ठरवलं. पण आधी डोळ्याचं कारण हातात हवं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. घरच्या डॉक्टरांनी मूत्रपिंड, थायरॉईड, सगळं तपासलं. काही निघालं नाही. दोन वर्षं अशीच गेली. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी उलटंच विचारलं, "डोळा कधी सुजत नाही, ते सांगा."

मावशीला सांगता येईना. मग तिनं कॅलेंडर घेतलं. सूज आली की लाल फुली, आणि त्याच्या आदल्या दिवशी केलेलं काम शेजारी. तीन महिन्यांनी चित्र स्पष्ट झालं. जुन्या काट्यांची दुरुस्ती आली, की दुसऱ्या दिवशी फुली. त्या कामाला राळेचा दाट लेप लागायचा, आणि त्याचा धूर व्हायचा.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चिकटपट्ट्या लावल्या. दोन दिवसांनी काढल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. राळेची जागा लाल होऊन उठली होती.

"पण एकच डोळा का?"

"उजव्यावर तुमची वाटी असते. डावा उघडा."

"मग आधी वीस-बावीस वर्षं कसं काही झालं नाही?"

"धूर ओढून घ्यायला काही होतं का तिथे?"

मावशीला आठवलं. होता की. तिच्या टेबलावर धूर ओढणारा पंखा होता. सुपरवायझरनं तो काढून स्वतःच्या केबिनमध्ये बसवला होता, उकडतं म्हणून. त्यानंतर महिन्याभरातच पहिली सूज आली होती.

तिनं डॉक्टरीणबाईंकडून पत्र लिहून घेतलं आणि शेवटी मुद्दाम एक ओळ घालायला सांगितली. पत्र घेऊन ती थेट कारखान्याच्या मालकीणबाईंकडे गेली. त्या घाबरल्या. "तक्रार सरकारी कचेरीत नेऊ नका. काय हवं ते सांगा."

"पंखा परत हवा. आणि हे पत्र सुपरवायझरनं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं."

त्यानं वाचलं. शेवटची ओळ होती, 'ही सूज मारहाणीची नाही.'

"मागे ऐकू आलं नाही," मावशी म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.

"अजून एकदा. सावकाश."

तिसऱ्या वेळी कोणीच हसलं नाही. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. त्या रविवारी तिनं त्याला घरी बोलावलं. काका बिचारे दार उघडून म्हणाले, "या, बसा, चहा टाकतो."

"चहा टाकायचा नाही," मावशी आतून म्हणाली. "आणि बसायचंही नाही. उभ्यानं काय ते बोला."

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, चुकलं माझं." काका इतके अवघडले की त्यांनीच हात जोडले. मावशी त्यांच्यावर आठ दिवस चिडून होती.

पंखा परत आला, पण राळ तिला जन्माची वर्ज्य झाली. तिला तपासणी विभागात टाकलं. दुसऱ्यांनी केलेले जोड बघून ती चडफडायची. काका मात्र पुन्हा कधी फाटकापाशी गेले नाहीत. सुपरवायझर वर्षभरात दुसरीकडे गेला.

मी तिला एकदा विचारलं, "मावशी, थोडं जास्तच झालं नाही का गं?"

"जास्त?" ती म्हणाली. "मी अजून एकटी चालत घरी येते."