तीन भाषांतला तिमाही निकाल

आमच्या कंपनीचा निकाल दर तीन महिन्यांनी दोनदा लागतो. पहिल्यांदा मी लावते, इंग्रजीत, शेअर बाजारासाठी. दुसऱ्यांदा कासीमचाचा लावतात, आवारातल्या वजनकाट्यावर उभे राहून, मराठीत, दखनीत आणि कानडीत. माझा निकाल किती जण वाचतात देव जाणे. चाचांचा ऐकायला दोन्ही पाळ्यांची सव्वादोनशे माणसं उन्हात उभी राहतात. मला याचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते.

मी महेश्वरी. माहेर अक्कलकोटचं, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, हिशेब विभागात. मॅडम हसल्या म्हणजे तिमाही चांगली गेली, असं कारखान्यात म्हणतात. साफ खोटं आहे. तिमाही चांगली गेली तरी मी हसत नाही.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग करते. मुख्य माल म्हणजे व्हॉल्व्ह गाइड, इंजिनातल्या झडपेला सरळ धरून ठेवणारी बोटभर लांबीची नळी. कुणाला दाखवली तर म्हणतात, एवढीशीच? या एवढ्याशा नळीवर तीस वर्षं दोन पाळ्या चालल्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या अजिंक्यसरांनी विजेच्या गाड्यांच्या मोटारींचे शाफ्ट करायची नवी लाइन टाकली. वडिलांच्या मागे धंदा सांभाळणारा हा पोरगेला मालक घाबरतो सगळ्यालाच, पण वेळेवर घाबरतो, हा त्याचा गुण.

कासीमचाचा डिस्पॅचला आहेत. वय सत्तावन्न. तरुणपणी वडिलांबरोबर ट्रकवर विजापूर, इंडी, सिंदगी असं हिंडले, तिथून कानडी आणली. घरात दखनी, बाजारात मराठी. कंपनीत आले ते हमाल म्हणून. आज कुठली गाडी कुठे गेली हे संगणकाला विचारण्याआधी लोक त्यांना विचारतात.

निकाल सांगायची प्रथा त्यांनी पाडली नाही, ती त्यांच्या गळ्यात पडली. अकरा वर्षांपूर्वी कंपनी शेअर बाजारात गेली आणि पहिला तिमाही निकाल फलकावर लागला. कुणीतरी त्यातला ‘लॉस’ एवढाच शब्द वाचला आणि कंपनी विकली अशी बोंब उठली. अर्धी पाळी यंत्रं सोडून गेटवर. थोरले मालक समजवायला गेले, तर गोंधळ आणखी वाढला. तेव्हा चाचा काट्यावर चढले आणि म्हणाले, “काल दोन गाड्या भरल्या. आज तीन लागल्यात. बंद पडनारी कंपनी गाड्या मागवती व्हय?” लोक कामाला लागले. तेव्हापासून दर तिमाहीला चाचा काट्यावर.

माझा निकाल बाजाराला कळवून झाला की चाचा वही घेऊन माझ्यासमोर बसतात. एकेक वाक्य विचारतात. “मॅडम, हा इबिडा कोन हाय?” मी म्हणते, व्याज, घसारा, कर जाण्याआधी धंद्यात जे उरतं ते. चाचा विचार करतात आणि काट्यावर सांगतात, “घरभाडं न् हप्ता जायच्या आधी पगार हातात बरा दिसतो की, तसं हाय ते.” दोनशे माना हलतात. मी चार वर्षं शिकून हे कॉलेजात पाठ केलं होतं. चिडू नको तर काय करू?

चाचांचं ऐकायची एक रीत ठरून गेली आहे. आधी मराठी, मग दखनी, शेवटी कानडी. मंद्रूपकडच्या अठरा बायका तपासणीला आहेत. बाजारहाटापुरतं मराठी त्यांना येतं, पण कंपनीची गोष्ट त्या चाचांच्या तोंडून कानडीतच घेतात. मराठी चालू असताना त्या डबे बांधतात, गजरे नीट करतात, आपली पाळी आली की कान देतात. त्यांच्यात पुढे उभी असते ती चन्नम्मा. सत्तेचाळीस वर्षांची, एकोणीस वर्षं तपासणीला. नवऱ्याची, मल्लप्पाची, पाठ गेलेली, मुलगी अकलूजला नर्सिंग शिकते, घर हिच्यावर. नळीला टिचकी मारून आतला तडा कानाने ओळखते. यंत्र आणलं होतं तपासायला. दोन महिने यंत्र आणि चन्नम्मा शेजारी बसले, शेवटी यंत्र परत गेलं.

या नोव्हेंबरातला निकाल मी लिहिला तेव्हा मला स्वतःलाच तो आवडला नव्हता. एकूण विक्री जराशी वाढली, पण ती सगळी शाफ्टची. नळीची मागणी वर्षभरात तिसऱ्या हिश्श्याने घटली होती. सगळ्यात मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाने कळवलं होतं की पुढच्या इंजिनात ही नळी घेणार नाही. तेव्हा पुढचं चित्र असं: मार्चनंतर जुनी लाइन बंद. शाफ्टला चाळीस माणसं लागणार, जुन्यांना पहिला हक्क, पण प्रशिक्षण घेऊन. नाव शनिवारी दुपारी बाराच्या आत माझ्याकडे द्यायचं. उरलेल्या जागा बाहेरून भरणार.

चाचांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मार्चच्या ओळीपाशी म्हणाले, “मंजी पक्कंच?” मी म्हटलं, पक्कं. त्यांनी लिहिलं, आणि चहा न पिताच गेले. चाचा चहा टाकून जात नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गुरुवारी साडेतीनला ते काट्यावर चढले. मराठीत सगळं चोख सांगितलं. दखनीत सांगितलं, “नई लाइन पे जाना है तो शनिचर के बारा के अंदर नाम देव.” माणसं गंभीर झाली, कुजबुज सुरू झाली. मग कानडी. आमच्या घरात चुलीपाशी कानडीच, त्यामुळे मी सवयीने ऐकत होते. मागणी घटली, म्हणाले. दिवस जरा कठीण आहेत, म्हणाले. मग चन्नम्माकडे बघितलं आणि म्हणाले, “अंजबेड्री. एनू आगंगिल्ल.” भिऊ नका, काही होणार नाही. आणि खाली उतरले.

मार्च गेला कुठे? शनिवार गेला कुठे? अठरा बायका हसतमुखाने बसकडे निघाल्या. वाटेत एका लेथवाल्याने त्यांना नव्या लाइनचं विचारलं, तर चाचांना अण्णा म्हणणाऱ्या चन्नम्माने त्यालाच धीर दिला, अण्णा म्हणालेत, काही होत नाही.

मी तडक डिस्पॅचला गेले. माझ्या तोंडाला अशा वेळी लगाम नसतो. “चाचा, मी लिहिलं ते तुम्ही सांगितलं नाही. तुमच्या भरवशावर अठरा जणी घरी बसतील.”

चाचा खोक्यावर बसले होते. “समोर हुबी हुती बेटा ती,” ते म्हणाले. चारचौघांत मी मॅडम, एकटी असले की बेटा. “गेल्या आठवड्यात मला इचारत हुती, अण्णा, आपली लाइन चालंल न्हवं? म्हनली, त्या नव्या यंत्राला पडदा हाय, त्यावर इंग्रजी आकडं पळत्यात, पोरी हसतील मला. लई भ्यालीय. तिच्या तोंडाकडं बगून बोलवंना मला.”

“मग मी सांगते कानडीत.”

“सांग की. पन त्यास्नी वाटंल, मॅडम कामावरनं काडाया आली.”

हे मला झोंबलं, कारण खरं होतं.

“मग तुम्हीच पुन्हा सांगा.”

चाचांनी दारातून काट्याकडे बघितलं. मग म्हणाले, “एकदा उतरून परत चडलो, तर अकरा वर्सांचं सगळंच खोटं हुईल. मागचंबी कोन खरं धरनार?”

मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी माया दाटून आली होती की मी परत फिरले. खोटं बोलणाऱ्याची अशी माया येणं हिशेबाच्या माणसाला शोभत नाही. पण आली.

शुक्रवारी आमची सुट्टी. त्या दिवसाची गोष्ट मला नंतर चाचांच्या बायकोने, मुमताजचाचींनी, सांगितली. चाचा सकाळीच चन्नम्माच्या घरी जातो म्हणून निघाले. सात रस्त्याला मंद्रूपच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, कंडक्टरने हाक मारली, तीही गेली. दुपारी घरी परतले आणि जेवले नाहीत. चाची म्हणाल्या, “मेरेकू बोले, अठरा जनियां से झूट बोला मैं, एक के घर जा को क्या करूं?”

शनिवारी सकाळी पावणेसातला मी आले तेव्हा चाचा काट्यावर उभे होते. कुणाला हाक मारली नव्हती. चाचा काट्यावर दिसले की माणसं जमतात, तशी जमली. पुढचा निकाल थेट फेब्रुवारीत, त्यामुळे सगळे एकमेकांकडे बघत होते.

त्या दिवशी चाचांनी कानडीपासून सुरुवात केली. “परवा मी तुम्हाला अर्धंच सांगितलं,” ते म्हणाले, “अर्धं पोटात ठेवलं. मॅडमनी नीट लिहून दिलं होतं, चूक माझी.” मग मार्च सांगितला, प्रशिक्षण सांगितलं, आज बारा वाजता यादी बंद, सांगितलं. तेच मग मराठीत आणि दखनीत. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत.

मग मागून एक जण ओरडला, “चाचा, ह्याआदी किती वेळा ठिवलंत पोटात?”

“ह्याच वेळी,” चाचा म्हणाले. “पन तुमी ते खरं मानावं, असं म्हनायचं तोंड आता मला न्हाय.”

मी इथे आल्यापासून अकरा तिमाह्यांचे आकडे या माणसाला समजावून दिले होते. एकही त्याने फिरवला नव्हता. हे ओरडून सांगावंसं वाटलं, पण ऐन वेळी माझा काही उपयोग झाला नाही.

चन्नम्मा पुढे आली. बायकांनी वाट दिली. काट्यापाशी येऊन ती मान वर करून कानडीत बोलू लागली. सगळं आवार ऐकत होतं, कळत नव्हतं त्यांना शेजारी सांगत होते.

“अण्णा, माझ्याकडं दिवसाला पाच क्रेट यायची. आता तीन येतात. मला मोजता येत नाही असं वाटलं तुम्हाला?”

चाचा खाली बघत राहिले.

“लाइन जाणार हे मला दिवाळीच्या आधीपासून ठाऊक होतं. तुमच्या तोंडून येईल म्हणून थांबले होते. परवा तुम्ही नाही म्हणालात, तर मला वाटलं, माझंच मोजणं चुकलं. दोन दिवस मी माझ्याच डोळ्यांना खोटं ठरवलं, तुमच्यापायी.”

“चुकलं, चन्नक्का.”

“मला भीती वाटते, ते खरं आहे. पण भ्यायचं की नाही ते माझं मी ठरवेन. तुम्ही फक्त सांगायचं.” तिने पदराने कपाळ पुसलं. “आता परत सांगा. मार्चचं. सगळ्यांना नको, मला. माझ्या तोंडाकडं बघून.”

चाचा काट्यावरून खाली उतरले. तिच्यासमोर उभे राहिले. माझ्या शेजारी अजिंक्यसर येऊन उभे होते, ते म्हणाले, “मॅडम, काय चाललंय?” मी त्यांना हाताने गप्प केलं. मालकाला. अजून त्यांनी तो विषय काढलेला नाही.

“चन्नक्का,” चाचा म्हणाले, “मार्चनंतर तुमची लाइन बंद हुनार.” कानडीत म्हणाले, आणि या वेळी नजर हलली नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते येऊ दिलं. “पुढं,” ती म्हणाली.

“नवी लाइन शिकावी लागंल. पडदा हाय. आकडं इंग्रजी हाईत. तीन महिनं लागतील. अवघड जाईल.”

“पुढं.”

“आज बाराच्या आत नाव द्यायचं.”

“हं,” चन्नम्मा म्हणाली, एखादी नळी बरोबर निघावी तसं. ती बायकांकडे वळली आणि चला म्हणाली. अठराच्या अठरा जणी माझ्या टेबलाच्या दिशेने निघाल्या. चाचा तिथेच उभे होते. आता कुठे त्यांचा बांध फुटला होता, खांदे हलत होते, आणि जमलेल्या माणसांत कुणालाच त्यांच्याजवळ जायचं धाडस होत नव्हतं.

चन्नम्मा चार पावलं गेली होती, ती मागे आली. त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि या वेळी मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “रडू नगा अण्णा. घसा बसला तर फेब्रुवारीत आमी ऐकायचं कुनाचं?”