छे छे, मी कुठली अध्यक्ष!

आता हे सांगावं की गिळून टाकावं, तेच कळत नाही! पण चहा ओतलाच आहे तर ऐका. हसायचं मात्र बेतानं.

मी विंझरची. पुढं शिकायला गेले थेट स्कॉटलंडला. तिथं परदेशी विद्यार्थ्यांचं मंडळ निवडायचं होतं आणि अध्यक्ष म्हणून माझंच नाव सगळ्यांच्या तोंडी. मी आदल्या दिवशीच वडलांना फोन ठोकला, "अण्णा, काम झाल्यात जमा!"

सभेत माझी नायजेरियन मैत्रीण फातिमा उठली आणि तिनं माझं नाव सुचवलं. टाळ्या! आता आपली रीत काय? पहिल्या हाकेला कोण पानावर बसतं? मी लाजून म्हणाले, "छे छे, मी कुठली! दुसरं कुणी बघा."

आता आग्रह होणार, मग मी "बरं, एवढं म्हणताय तर" म्हणणार. वाक्य पाठ होतं हो!

फातिमा म्हणाली, "ठीक आहे, तुझी इच्छा." आणि लगेच पुढचं नाव!

अहो, अजून एकदा विचारा की! चिटणीसपदाला परत माझं नाव आलं. म्हटलं, मघाशी लाजण्यात काहीतरी कमी पडलं असणार. या खेपेला जरा जास्तच लाजले. तेही गेलं! शेवटी उरली सामाईक स्वयंपाकघरातल्या फ्रीजची सफाई. मी "मी करते, मी करते!" म्हणत दोन्ही हात वर केले.

खोलीवर येऊन मोबाईल बघते तर काय! विंझरच्या चौकात फ्लेक्स. त्यावर मी हात जोडून उभी, खाली 'अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल अभिनंदन'. अण्णांना आता सांगू कसं? गावात त्यांची मान खाली जाणार ती माझ्यामुळं!

आठवडाभर टाळलं. मग एकदा फ्रीज घासतानाच त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागं निम्मं गाव उभं.

"काय करतीस गं?"

"फ्रीज पुसतेय. अण्णा, खरं सांगते, मी अध्यक्षबिध्यक्ष कुणी नाही!"

अण्णा मागं वळले. "बगा! एवढी अध्यक्ष, पन सोता फ्रीज पुसतीया. आन वर म्हंती, मी कुनी न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट. आमच्या भावकीतले तात्या पुढं सरसावले, "पोरी, लई गुनाची हाईस. परत आलीस की सरपंचाला तूच उभी ऱ्हा."

"नको हो तात्या! खरंच नको! पाया पडते!"

"व्हय व्हय," तात्या हसले, "तिकडं बी आसंच म्हनली आसशील."

जन्मात पहिल्यांदा मनापासून 'नको' म्हणाले बघा. नवा फ्लेक्स छापायला गेलाय.