पाठ टेकायला भिंत

घर बघायला जाताना मी दादांना सोबत न्यायची नाही. दादा म्हणजे माझे वडील. त्यांना बघितलं की घरमालकाला सगळं कळायचं. सुजलेले पाय, काळपट पडलेला चेहरा, आणि डायलिसिसच्या सुया टोचून टोचून हातावर फुगलेली ती शीर. एकदा नेलं होतं. मालक आधी चांगला बोलत होता, आत चहा पण सांगितला होता. दादा रिक्षातून उतरले आणि फाटकाला धरून दम खात उभे राहिले. मालकानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाला, "ताई, खरं सांगू का, आमचा भाचा येणार हाय इथं राहायला." चहा काही आलाच नाही. नांदेडात भाच्यांचा लई सुकाळ. पेशंट दिसला की भाचा उगवलाच म्हणून समजा.

त्याच्या आधी मी लातूरला होते. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. नवऱ्यानं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली, ते रडगाणं इथं नको. क्लासेसच्या भागात माझी एक खोली होती. मालकाच्या डोक्यात आलं की इथं कॉट टाकून शिकायला आलेली पोरं ठेवावीत. मग मी आणि माझी मशीन त्याला कशाला परवडणार? त्याच सुमारास दादांच्या किडन्या गेल्या. आमचं गाव हदगावकडचं. डायलिसिस नांदेडला, आठवड्यातून दोनदा. एसटीच्या येण्या-जाण्यातच माणूस निम्मा व्हायचा. आणि गावात तरी काय राहिलं होतं? मातीचं घर मागच्या पावसाळ्यात बसलं. घरकुल मंजूर झालं ते जोत्यापर्यंत येऊन थांबलं, त्या जोत्यावर आता शेळ्या बसतात. दादा चुलत्याच्या ओसरीत झोपायचे, पाव्हण्यासारखे, अंग चोरून. मी म्हणलं, बास झालं. नांदेडला घर करू, बापलेक दोघं राहू.

आई दवाखान्यातच वारली होती. वॉर्डात जागा नव्हती म्हणून तिला व्हरांड्यात टाकलं होतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय तिला लागायचे. दादा शेवटपर्यंत तिच्या पायाशी बसून लोकांना "बाजूनं जा बाबा, बाजूनं जा" म्हणत होते. ती गेल्यावरही थोडा वेळ म्हणतच होते. त्यानंतर त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "माय, मला दवाखान्यात मारू नको. कुणाचं का असंना, घर पाहिजे. पाठ टेकायला भिंत पाहिजे. दुसरं काय न्हाई."

आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो. असं म्हणून काही मागितलं की लेक मेली तरी नाही म्हणू शकत नाही.

तर मी घर शोधत होते. नांदेडच्या कडेला जिथं काल-परवापर्यंत कापूस होता तिथं आता प्लॉटिंग झालंय, रस्ते अजून मुरमाचे, पण घरं मात्र रंगीत. तिथली प्रश्नपत्रिका मला पाठ झाली. आडनाव काय? मिस्टर काय करतात? मिस्टर न्हाईत म्हणजे? मटण खाता का? मशीनचा आवाज येतो का? आणि शेवटी, घरात म्हातारं, आजारी कोण हाय का? एका रिटायर झालेल्या शाळामास्तरांनी मात्र स्पष्ट सांगितलं. "पोरी, राग मानू नको. आजारी माणसाचं काही सांगता येत न्हाई. वाईट नक्षत्रावर कुणी गेलं की घर सोडावं लागतं. कुलूप लावून महिनोन्‌महिने बंद. भाडेकरूचं काय, तो उठून जातो. आम्ही कुठं जायचं?" मला राग आलाच, पण माणूस भाचा तरी मधी आणत नव्हता.

जुन्या गावात एका मुसलमान आजीनं लगेच हो म्हणलं. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाद्या-रजया भरायचं काम. मी आपणहून सांगून टाकलं, वडील लई आजारी हायत, घरातच काही होऊ शकतं. तिनं कापसाचे हात झटकले आणि म्हणाली, "तो क्या हुआ बेटी? मौत हर घर में आती. हमारे में ऐसा कुछ नै रैता. ले आओ अब्बा को." मला रडूच फुटलं तिथं. पण खोली होती माडीवर, आणि जिना लोखंडी, उभा. दुसऱ्या दिवशी दादा दोन पायऱ्या चढले आणि तिसरीवर बसले ते उठेनात. आजीच्या नातवांनी त्यांना धरून खाली आणलं. परत जाताना दादा रिक्षात म्हणाले, "मनानं लई मोठी बाई हाय गं." मी मनातल्या मनात त्या जिन्याला शिव्या देत होते.

शेवटी घर मिळालं ते एका विधवा बाईचं. पुढं दोन खोल्या आम्हाला, मागं ती एकटी. पोरी लग्न होऊन गेलेल्या. अंगणात मोटरसायकली लावायला पत्र्याचं शेड होतं, पण मोटरसायकल कुणाचीच नव्हती. मी तिला म्हणलं, "काकू, वडील असतात सोबत, गुडघ्याचा त्रास हाय जरा." गुडघे कुणाचेही दुखतात. गुडघ्यानं कुणी मरत नाही. काकू म्हणाल्या, "गुडघे तर माझेबी जातात," आणि किल्ली दिली.

दादा त्या घरात पहिल्यांदा शिरले तेव्हा त्यांनी काय करावं? पुढच्या खोलीत चारी भिंतींवरून हात फिरवला. थापटून बघितलं. मग खिडकीखालची भिंत निवडली आणि तिथं कॉट लावायला सांगितली. दिवसभर तिथं पाठ टेकून बसायचे आणि माझी मशीन ऐकायचे. त्यांना डोक्याला तेल चोपडायची सवय. थोड्याच दिवसांत भिंतीवर डोक्याएवढा तेलकट डाग पडला. मी ओरडले, "दादा, काकू बोलतील मला!" तर म्हणतात कसे, "डाग पडला म्हणजे माणूस राहतो घरात. पडू दे." असे खुशीत मी त्यांना कितीतरी वर्षांनी बघत होते.

पण खोटं त्यांच्या पोटात मावायचं नाही. काकू एक दिवस अंबाडीची भाजी आणि भाकर घेऊन आल्या आणि विचारलं, "मामा, गुडघे कसे हायत?"

"गुडघे बेस हायत बाई," दादा म्हणाले. "किडन्या गेल्यात."

मी मशीनवर होते. सुई माझ्या बोटात जायची राहिली. दादांनी सगळं सांगून टाकलं, डायलिसिस, डॉक्टर काय म्हणतात, सगळं. वर म्हणाले, "तुमच्या हातची भाकर खायची आन्‌ तुमच्याशी लबाड बोलायचं, हे मला जमत न्हाई." काकू भाकरीचं ताट खाली ठेवून उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला. तशाच मागं निघून गेल्या. त्यानंतर भाजी येत राहिली, पण काकू उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता डायलिसिस सोसणार नाही, घरी न्या, सेवा करा. मी त्यांना घरी आणलं. कुठल्या तोंडानं सांगू, पण मला आतून जरा बरंच वाटत होतं. म्हणलं, घर हाय आपल्याला. भिंत हाय. दादांच्या मनासारखं होईल.

संध्याकाळी काकू आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

"ताई, मी तुम्हाला जा म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण मामांचं तसं काय व्हायला लागलं तर... घरात नको. शेडात न्या त्यांना. पाया पडते."

मी फटकळ आहे, तेव्हा तर ताळच सुटला. नको ते बोलले. माणूस हाय का जनावर, असं विचारलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्यांचे मिस्टर याच खोलीत गेले. नक्षत्र वाईट निघालं. घर सोडा म्हणून सांगितलं. दोन लहान पोरी घेऊन त्या भावाच्या दारात गेल्या, आणि भावजयीनं त्यांना जे दिवस दाखवले ते त्या अजून कुणाला सांगत नाहीत. "आता भाऊबी न्हाई, ताई. हे घर बंद झालं तर मी कुठं जाऊ? तुम्हीच सांगा. तुम्ही तर फिरलात घरासाठी, तुम्हाला म्हाईत हाय."

म्हाईत होतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

"वेळ आली की पंचांग बघणाऱ्या गुरुजींना विचारू, तोवर आत राहू द्या," मी म्हणलं.

"नक्षत्र माणूस गेल्यावरच बघतात ताई. तवा उपयोग काय?"

दादा भिंतीला टेकून ऐकत होते. "तिचं बरोबर हाय," ते म्हणाले. "मी तर मोकळा होईन. मागं ह्या बाईला घराभायेर काढून जाऊ व्हय? मला भायेर न्या माय. वेळ आली की मी सांगतो."

मी म्हणलं, "नक्षत्र-बिक्षत्र काही नसतं दादा!"

"तुला नसंल. मला हाय. तिला हाय."

त्यांनी सांगायच्या आधीच एका सकाळी श्वास घरघरायला लागला. काकू दारात उभ्या. शेजारची दोन माणसं बोलावली, कॉटसकट उचललं, दारातून आडवी-तिरपी करून शेडात नेली. मी तोंडात पाणी घातलं. तर थोड्या वेळानं दादांनी डोळे उघडले, पत्र्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चहा हाय का?" सगळ्यांना हसू आलं, मला पण. परत आत नेलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा बाहेर. पुन्हा डोळे उघडले. माणसं उचलायला लागली तर दादांनी हात हलवला.

"राहू द्या. आत-भायेर किती करता? लोकांची हाडं मोडाल. हितंच बरं हाय."

"दादा, भिंत?" मी विचारलं.

"असू दे माय."

मग आमचा मुक्काम शेडात. मी लुगड्यांचा आडोसा केला, पाण्यानं ओला करायची. पत्रा दुपारी असा तापायचा की खाली श्वास घेववत नव्हता. चारी बाजूंनी उघडं. दादा पाठीमागं हात नेऊन काहीतरी चाचपायचे, आणि तिथं काहीच नसायचं. मी उशा लावल्या, गाद्यांची वळकटी लावली. ते टेकायचे आणि सरकून पडायचे. काकू दिवसातून चारदा विचारायला यायच्या, ताक आणायच्या, पंख्यासाठी लांबून वायर ओढून दिली. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. मशीन मी शेडातच आणली होती, दादांना आवाज लागायचा म्हणून.

ते गेले भर दुपारी. मी एक बाही जोडत होते. ती जोडून वर बघितलं तर दादा वळकटीवरून एका बाजूला कलले होते, डोळे घराच्या दाराकडं. काही घरघर नाही, काही नाही. मी त्यांना सरळ केलं, परत कलले, मग मला कळलं.

माझ्या ओरडण्यानं काकू धावत आल्या. रडल्या, मनापासून रडल्या, ते खोटं नव्हतं. मग पदरानं डोळे पुसले आणि आधी गुरुजींना फोन लावला. वेळ सांगितली. मी तिथंच बसले होते. काकू "हाव, हाव जी" करत ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"चांगल्या वेळेवर गेले म्हणतात ताई," त्या म्हणाल्या. "काहीच दोष न्हाई. लई पुण्यवान होते मामा. घरात गेले असते तरी..."

आणि तिथं थांबल्या. स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानावर पडलं असावं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावा वाटला. आणि त्याच क्षणी त्यांच्या गळ्यात पडून रडावं असंही वाटलं. मी यातलं काहीच केलं नाही, दादांचा हात धरून बसून राहिले.

थोड्या वेळानं काकूच म्हणाल्या, खालच्या आवाजात, "ऊन लई हाय. गावाकडची माणसं येईपर्यंत आत घेऊ या त्यांना. आता हरकत न्हाई."

आमच्यात मयताला भिंतीशी बसवतात, माणसं जमेपर्यंत. शेजारच्या त्याच दोघांनी दादांना उचललं आणि उंबऱ्यावरून आत नेलं. कुठं बसवायचं, त्यांनी विचारलं. काकूंनी खिडकीखालच्या भिंतीकडं बोट दाखवलं.

त्यांनी दादांना तिथं टेकवलं. कॉट शेडातच होती, म्हणून दादा खाली जमिनीवर बसले, आणि तेलाचा डाग त्यांच्या डोक्याच्या वर राहिला.