झोपाळ्यांपाशी चिरूट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, इंदरगंजाच्या मागच्या बाजूला, एक सरकारी बाग होती. सरकारी म्हणजे आधी महाराजांची आणि मग नगरपालिकेची. संस्थान विलीन झालं तेव्हा फाटकावरचं निशाण बदललं, आतले कडुनिंब तेच राहिले. या बागेचा चौकीदार सूर्याजी साळुंखे. तोही असाच एका धन्याकडून दुसऱ्याकडे आलेला. संस्थानच्या पलटणीत हवालदार होता. पलटण मोडली, तरणीताठी पोरं हिंदुस्थानच्या फौजेत गेली, आणि गुडघा दुखणाऱ्या सूर्याजीच्या हातात बंदुकीऐवजी शिट्टी आली.

पण गडी असा की त्यानं शिट्टीचाही रुबाब राखला. मिशीला पीळ, पायात पॉलिश केलेले बूट. त्याच्या राज्यात झोपाळ्यासाठी पोरं रांगेत उभी राहत आणि घसरगुंडीवर उलटं चढायची कुणाची छाती नव्हती. त्याला आणि सुलोचनाबाईंना मूल झालं नाही. त्याविषयी तो कधी बोलत नसे, पण घसरगुंडीच्या पायथ्याशी उभा राहून येणारं प्रत्येक पोर तो हातांत झेलायचा. गुडघा दुखत असला तरी झेलायचा.

एका उन्हाळ्यात घसरगुंडीखालच्या वाळूत कुणीतरी जळतं विडीचं थोटूक टाकलं. सराफ्यातल्या एका कारागिराची चिमुरडी अनवाणी उतरली आणि तिच्या तळव्याला फोड आला. आयांनी आरडाओरडा केला, तेव्हा नगरपालिकेनं नियम केला: झोपाळ्यांभोवतालच्या मेंदीच्या कुंपणाआत विडी-सिगारेट बंद. नियम सांगायला बागांचे इन्स्पेक्टर भालचंद्र टिळवे स्वतः आले. सूर्याजीला तर आनंदाचं भरतं आलं. आजवर तो फक्त पोरांना दरडावत होता, आता मोठ्यांनाही दरडावायची सोय झाली. त्यानं वकिलांना उठवलं, हलवायांना उठवलं, स्वतः दिवसाला बंडलभर विड्या ओढणारा माणूस, पण स्वतःची विडीही पार टोकाच्या कडुनिंबाखाली जाऊन ओढू लागला.

एक माणूस मात्र त्याला उठवता येईना. कॅप्टन कृष्णराव जगदाळे.

कृष्णराव पलटणीत सूर्याजीचे साहेब. पलटण गेली, मागचेपुढचे शिपाई गेले, घोडा गेला. राहिली फक्त चिरुटाची सवय. रोज संध्याकाळी ते नातवाला घेऊन बागेत येत, झोपाळ्यांसमोरच्या बाकावर बसत आणि चिरूट पेटवीत. तो चिरूट असा जहाल की झाडावरचे पोपट बाजूला सरकत. नातू त्या धुरातच झोके घेई आणि खोकत राही. मुळातच छातीनं नाजूक पोर. वैद्य झाले, डॉक्टर झाले, औषधं बदलून झाली.

सूर्याजी रोज ठरवी, आज सांगायचंच. वाक्य घोकून ठेवलेलं असे: "साहेब, इथं मुलं आहेत, तेवढा चिरूट पलीकडे." तो तडक बाकापर्यंत जाई, टाचा जुळवी, आणि बोलायला तोंड उघडायच्या आत हात आपोआप कपाळाशी जाई. कडक सलाम. कृष्णरावांचा चेहरा खुले. सगळ्या लष्कर भागात त्यांना सलाम करणारा आता हा एकच उरला होता. "विश्राम, सूर्याजी," ते म्हणत आणि खुशीत दुसरा चिरूट काढत. म्हणजे सूर्याजी जितक्या वेळा मना करायला गेला, तितक्या वेळा साहेबांना वाटलं, हा आपला मान ठेवायला येतो आहे. मग तर ते तासभर आधीच येऊन बसू लागले.

"आज सांगितलं का?" सुलोचनाबाई विचारत.

"सांगणारच होतो."

"रोज सलाम ठोकून येता आणि घरी येऊन मला डांटता. पोराची छाती खराब होऊन राहिली आहे, मालूम आहे ना?"

मालूम होतंच. त्या खोकल्यानं सूर्याजीचा जीव तुटत असे. पण वीस वर्षं ज्याचा हुकूम झेलला त्याला हुकूम कसा करायचा, हे कुठल्या कवायतीत शिकवलेलं नव्हतं. इकडे बाकीची मंडळी चेकाळली. "पहले अपने कप्तान साहब को उठाओ," असं म्हणून हलवाई पुन्हा झोपाळ्यांपाशी विड्या शिलगावू लागले. टिळव्यांनी एकदा हे पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "सूर्याजी, दसऱ्यापर्यंत हे बंद झालं नाही, तर तुम्हाला पाण्याच्या टाकीवर पाठवतो. बागेला दुसरा माणूस बघू."

टाकीवर पोरं नसतात. सूर्याजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता त्या नातवाविषयी सांगायला हवं. त्याचं नाव मानसिंगराव. हे नाव कृष्णरावांच्या वडिलांचं; त्यांना घरात आबासाहेब म्हणत. वडील गेले, वर्षाच्या आत नातू झाला, आणि मराठ्यांच्या घरात होतं तसंच झालं: थोरल्या आबासाहेबांचं नाव पोराला ठेवलं. आता ते नाव घेऊन पोराला हाक मारायची कुणी? सुनेच्या तोंडी ते येणं शक्य नाही, आणि खुद्द कृष्णराव बापाचं नाव घेऊन "अरे" कसं म्हणणार? म्हणून शेंबूड पुसायच्या वयाच्या त्या पोराला सगळं घर "आबासाहेब" म्हणे. कृष्णरावसुद्धा "आबासाहेब, माती खाऊ नका" असं अहो-जाहो करून दटावत. बागेत लोक हसत, पण सूर्याजीला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. त्याच्या घराण्यातही तीच रीत होती.

दसरा तोंडावर आला होता. एका संध्याकाळी सूर्याजी असाच सलाम करून हात हलवीत परतत असताना त्याला एकदम एक जुनी गोष्ट आठवली. पलटणीच्या दिवसांत काही निरोप घेऊन तो जगदाळ्यांच्या घरी गेला होता. पन्नाशीचे कॅप्टनसाहेब अंगणात चिरूट ओढत उभे होते. आतून थोरल्या आबासाहेबांची काठी वाजली, आणि ज्याच्या नावानं अख्खी पलटण चळचळा कापायची त्या माणसाचा हात झटकन पाठीमागे गेला. वडील अंगणातून जाईपर्यंत चिरूट पाठीशी जळत राहिला. सूर्याजीला तेव्हा साहेबांविषयी फार माया वाटली होती. आपणही थोरल्या भावासमोर कधी विडी ओढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो बाकाकडे गेलाच नाही. घसरगुंडीखाली उभा राहिला. पोरगं सरसरत खाली आलं, त्यानं झेललं, नीट उभं केलं, कपडे झटकले. मग टाचा जुळवून त्या पाच वर्षांच्या पोराला कडक सलाम ठोकला आणि कवायतीच्या आवाजात ओरडला, "आबासाहेब आले, सरकार!"

कृष्णरावांचा हात झटकन पाठीमागे गेला.

पोर धावत आलं आणि आजोबांच्या गुडघ्यांना मिठी मारून उभं राहिलं. पाठीमागे चिरूट कोटाची शेपटी जाळू लागला. जळक्या कापडाचा वास बाकापलीकडे गेला तरी कृष्णराव हलेनात. पोराच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पोर खोकलं. मग त्यांनी चिरूट बुटाखाली चिरडला, कोट झटकला आणि सूर्याजीकडे पाहिलं. सूर्याजीनं खाली मान घातली. आपण साहेबांशी लबाडी केली, असं त्याला वाटत होतं आणि लाजही वाटत होती.

"हे आधी सांगायचं होतंस," कृष्णराव म्हणाले.

"सांगायलाच येत होतो, साहेब. रोज."

दुसऱ्या संध्याकाळपासून कृष्णराव नातवाला झोपाळ्यावर सोडून टोकाच्या कडुनिंबाखाली बसू लागले. कॅप्टनसाहेब उठले म्हटल्यावर हलवाईही निमूट उठले. सूर्याजी आता दुखऱ्या गुडघ्यानं अख्खी बाग ओलांडून सलाम करायला जाई. मग साहेबांकडे पाठ करून झाडाच्या पलीकडच्या अंगाला आपली विडी पेटवी. दोघं बोलत फारसे नसत, पण तेवढा वेळ दोघांनाही हवा असे. सूर्याजीच्या आयुष्यातला तो फार सुखाचा काळ होता.

तो टिकला थोडाच. मध्य भारत हे राज्य मोडलं, नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या दफ्तरांतल्या फायली गेल्या, तसे कारकूनही गेले. कृष्णरावांचा मुलगा सचिवालयात होता. घर उचलून सगळे भोपाळला गेले. गाडी स्टेशनातून हलेपर्यंत आबासाहेब खिडकीतून सूर्याजीला सलाम करत होते. आजोबांनी शिकवला होता. पुढे दोन हिवाळ्यांनी कृष्णराव गेल्याचं कळलं. त्या दिवशी सूर्याजीनं कडुनिंबाला जाऊन सलाम केला. बागेतले लोक बघत होते, बघेनात का.

बरीच वर्षं गेली. नोकरी संपली, मिशी पांढरी झाली, तरी सूर्याजी संध्याकाळी बागेत जाऊन बसे. एकदा झोपाळ्यांपाशी एक उंच तरुण सिगारेट पेटवताना दिसला. सूर्याजी काठी टेकत निघाला. वाक्य अजून पाठ होतं. तरुणानं वळून पाहिलं आणि त्याचा हात झटकन पाठीमागे गेला.

"सूर्याजीकाका ना? पहचाना नहीं? मी मानसिंग. आबासाहेब. लग्नाला आलो होतो, म्हटलं बाग बघून यावी."

तो वाकून पाया पडला, पण एकाच हातानं. दुसरा पाठीशी होता आणि पाठीमागून धूर वर येत होता.

सूर्याजीचा हात सवयीनं कपाळाकडे निघाला होता. तो अर्ध्यावरच थांबला. त्यानं मान वळवली आणि झोपाळ्यांकडे बघत राहिला, खूप वेळ, मागे वाळूत बूट घासल्याचा आवाज येईपर्यंत. मग पोरानं पुन्हा वाकून नमस्कार केला, या वेळी दोन्ही हातांनी. सूर्याजीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर तो चहा न घेता नुसताच बसला. सुलोचनाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं.

"आबासाहेब आले होते. मला बघून सिगारेट लपवली."

आयुष्यभर त्याची थट्टा करणाऱ्या सुलोचनाबाईंनी चहाचा कप उचलून त्याच्या हातात दिला.

"माझ्यापासून लपवली," तो पुन्हा म्हणाला.